जुळणी नावाचा प्रोग्राम

मी जर्मनीत एकोणतीस वर्षं केर काढला. आईला फोनवर मी असंच सांगायचो, आणि ती पुण्यात शेजाऱ्यांना सांगताना घाईघाईने 'कॉम्प्युटरमधला हो' अशी पुस्ती जोडायची. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी 'तिकडच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं कळवलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. गमती आहेत, पण त्या सांगायला बसलो की गाडी फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबते आणि तिथे गंमत काही नाही. तरी लिहितो. ऐन दिवाळीत नको वाटलं तर पानं उलटावीत, मी रागावणार नाही.

आधी धंदा सांगतो. कुठलंही मोठं ऑफिस घ्या. त्यांच्याकडे माणसांच्या याद्या असतात, आणि त्या याद्यांत एकच माणूस चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. म्युलर हे आडनाव तिकडे आपल्या कुलकर्ण्यांइतकं. ते कुणी दोन टिंबं देऊन लिहितं, कुणी टिंबं विसरतं, कुणी टिंबांऐवजी एक जादा अक्षर घालतं. मग एकाच म्युलरबाईंना एकाच दिवशी तीन पत्रं जातात आणि त्या चिडून फोन करतात. आमचं काम हे की अशा नोंदी ताडून बघायच्या, माणूस एकच आहे असं ठरलं की चार नोंदींची एक करायची आणि उरलेल्या पुसून टाकायच्या. न्युरेम्बर्गच्या आमच्या छोट्याशा कंपनीत हे काम करणारे आम्ही दोघे, जयंत आणि मी. दोघेही पुण्याचे. त्यासाठी जो प्रोग्राम आम्ही लिहिला त्याचं नाव ठेवलं 'जुळणी'. जर्मन लोक ते नाव वाचताना 'ज'चा 'य' करतात, त्यामुळे आमचे साहेब शेवटपर्यंत 'युल्नी' म्हणत राहिले. ते कुणा भारतीय मुलीचं नाव असावं अशी त्यांची समजूत होती आणि आम्ही ती दूर केली नाही.

जुळणीने घोळही घातले. बाप आणि मुलगा एकाच नावाचे, बाप वारलेला. जुळणीने दोघांना एक केलं आणि मुलालाही वारलेला ठरवलं. तो गृहस्थ आमच्या ऑफिसात आला, माझ्या टेबलावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा हात लावून, गार आहे का." दुसऱ्यांदा एका विमा कंपनीच्या यादीत दोन जुळ्या बहिणी होत्या. आडनाव एक, जन्मतारीख एक, पत्ता एक, एकीचं नाव एर्ना आणि दुसरीचं एरिका. जुळणीने त्यांची एक बाई केली. सत्तरी ओलांडलेल्या दोघी, अंगात सारखेच करडे कोट, काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आमच्यातली कोण उरली ते सांगाल का?" हा किस्सा मी पुढे कितीतरी महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत सांगितला आणि दर वेळी तो रंगला. त्या बहिणींमुळे आम्ही प्रोग्रामात एक नियम घातला. तारीख एक, आडनाव एक, पण नाव वेगळं असेल तर थांब आणि माणसाला विचार. आम्ही त्याला 'जुळ्यांचा नियम' म्हणायचो.

तो नियम मी पुढे स्वतःच्या हाताने काढला. ते सांगायचं आहे.

आमच्याकडे एका संग्रहालयाचं काम आलं. शहर मोठं नाही आणि त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त. जर्मनीच्या ताब्यात आफ्रिकेचे काही मुलूख होते हे शाळेत मी शिकलो नव्हतो. तिकडे राहून बरीच वर्षं झाल्यावरही मला ते नीट माहीत नव्हतं. त्या मुलखांतून आलेल्या वस्तूंनी त्या संग्रहालयाचं कोठार भरलेलं होतं. मुखवटे, ढोल, आसनं, मण्यांची कामं. लोकांना त्यातलं फारसं दाखवलेलं नव्हतं. प्रत्येक वस्तूचं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. त्यावर नंबर, चार ओळींचं वर्णन, कुठून आली आणि कशी आली. 'कशी आली'च्या पुढे बहुतेक कार्डांवर 'भेट' लिहिलेलं होतं. तळघरात पाणी शिरून कार्डांना बुरशी धरली होती, वास इतका की मास्क लावूनच हात लावायचा. ठरलं असं की कार्डांचे स्कॅन घ्यायचे, पुण्याच्या आमच्या लोकांनी तो मजकूर टाइप करायचा, जुळणीने नोंदी साफ करायच्या आणि मग बुरशीची कार्डं नष्ट करायची.

पुष्कळ कार्डांवर कोपऱ्यात एक शिक्का होता, 'दुब्ल.' दुब्लेट या शब्दाचं ते लघुरूप. दुब्लेट म्हणजे डुप्लिकेट, यात मला शंका नव्हती. मी डुप्लिकेटांवरच तर जगत होतो. एकाच वस्तूचं कुणीतरी चुकून दुसरं कार्ड केलं आणि कुणा शहाण्या कारकुनाने त्यावर शिक्का मारून ठेवला, असं मी समजलो. जयंत म्हणाला, "विचारून घेऊ या का?" मी म्हणालो, "यात काय विचारायचं?" शिक्का असेल आणि वर्णन जुळत असेल तर आपोआप एक कर, अशी सूचना मी जुळणीला दिली. जुळ्यांचा नियम जन्मतारखेवर चालायचा. वस्तूंना जन्मतारीख नसते, म्हणून तो काढून टाकला. काम वेळेआधी संपलं. सोपवल्याच्या कागदावर संग्रहालयाकडून फ्राऊ लिंडनर यांनी सही केली, आमच्याकडून मी.

फ्राऊ लिंडनर म्हणजे तिथल्या आफ्रिका विभागाच्या प्रमुख. बारीक, दमलेल्या, खोकणाऱ्या बाई. आपल्या संग्रहालयातल्या वस्तू कुणाच्या तरी घरातून ओढून आणलेल्या आहेत हे उघड बोलणाऱ्या त्या तिथे पहिल्या, आणि त्यामुळे वरिष्ठांत नावडत्या. काही वर्षांनी त्यांचाच फोन आला. आपल्या घराण्याच्या वस्तू शोधायला कामेरूनच्या डोंगराळ भागातून एक जण येणार होते, त्यांना स्क्रीनवर नोंदी दाखवायला मदत हवी होती. मी गेलो.

आलेले गृहस्थ निवृत्त शाळामास्तर होते. तपकिरी सूट, आत स्वेटर, वरच्या खिशात दोन पेन्सिली. त्यांचं नाव पास्कल, पण मी मनात त्यांना पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणू लागलो, कारण ते खुर्चीवर बसले तेव्हा मी आपोआप सरळ बसलो. त्यांना फ्रेंच येत होतं. जर्मनसाठी सोबत त्यांची पुतणी होती, एस्तेल, म्युनिकजवळ गार्चिंगला पीएच.डी. करणारी. गुरुजींनी वहीतून एक जुना फोटो काढला. एका मिशनऱ्याने त्यांच्या आजोबांच्या घराच्या दारात काढलेला. दारात दोन लाकडी मुलं बसलेली, हात गुडघ्यांवर, अंगावर मणी. हुबेहूब सारखी.

एस्तेलने सांगितलं, "ही आमच्या घराण्यातली पहिली जुळी. आमच्याकडे जुळी म्हणजे मोठा मान. आईबापांनाही वेगळी पदवी मिळते. ही दोघं दारात बसायची. घरात काही ठरवायचं झालं की आधी त्यांना सांगायचं."

"आणि मग?" फ्राऊ लिंडनर यांनी विचारलं.

"मग जर्मन सैनिक आले, घर जाळलं आणि दोघांना घेऊन गेले," एस्तेल म्हणाली. गुरुजी मध्येच काही बोलले. तिने जरा थांबून ते सांगितलं. "काका विचारतायत, तुमच्या पत्रात 'भेट' लिहिलंय, तर भेट देणाऱ्याचं नाव कुठे लिहिलंय का?"

नाव एका जर्मन अधिकाऱ्याचं होतं. फ्राऊ लिंडनर यांनी ते आपल्या कागदांतून वाचून दाखवलं.

मी शोध घेतला. स्क्रीनवर एक नोंद आली, एक फोटो, एक मूल. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे धाकटं. दुसरं?" दुसरं नव्हतं. फ्राऊ लिंडनर हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे असं, युद्धात आमच्या इमारतीवर बॉम्ब पडले. पुष्कळ काही गेलं. ते त्यात गेलं असणार." यासाठी संग्रहालयांत एक तयार शब्द आहे, क्रीग्सफरलुस्ट, युद्धात गमावलेलं. जे सापडत नाही त्याच्यापुढे तो लिहितात. एस्तेलने ते काकांना सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी नंबराकडे बघत होतो. नंबराच्या शेवटी 'अ' होता. गेनाऊ, म्हणजे अगदी नेमका, 'अ'. नुसत्या एका वस्तूला कुणी 'अ' देत नाही. त्या खोलीत हे फक्त मला कळलं आणि मी काही बोललो नाही. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

घरी आल्यावर जुनी डिस्क काढली. जुळणी आपण काय केलं याची एक यादी ठेवायची. त्यात ती ओळ होती. अ आणि ब मिळून अ. कारण, दुब्ल. एवढंच. दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयांच्या जुन्या पत्रव्यवहारांबद्दल जे मिळेल ते वाचलं आणि दुब्लेटचा अर्थ मला कळला. कार्ड दुसऱ्यांदा केलेलं नसायचं. वस्तू दोन असायच्या. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू ठेवून जागा कशाला अडवायची, म्हणून त्यातली एक 'जादा' ठरवायची आणि दुसऱ्या संग्रहालयाला नाहीतर व्यापाऱ्याला देऊन बदल्यात काहीतरी वेगळं घ्यायचं. शिक्का त्याचा होता. आणि ती कुणाला दिली हे त्याच कार्डावर खाली हाताने लिहिलेलं असायचं. म्हणजे ब कुठे गेलं हे सांगणारा जगातला बहुधा एकच कागद होता आणि तो माझ्या सहीनंतर जाळला गेला होता. पुसलेल्या नोंदींचे स्कॅन आम्ही ठेवले नव्हते.

जयंत तोवर पुण्याला परतला होता. मी फोन केला. टाइप केलेल्या फाइली तरी असतील अशी आशा होती.

"नाही रे," तो म्हणाला. "काम झालं की सगळं पुसायचं, असं संग्रहालयाला आपणच लिहून दिलं होतं. डेटाची गुप्तता म्हणून. तूच आग्रह धरला होतास."

"टाइप करणाऱ्या मुलींपैकी कुणाला आठवत असेल?"

"दिवसाला शेकडो कार्डं टाइप करायच्या त्या, आणि जर्मन एकीलाही येत नव्हतं." मग तो जरा वेळाने म्हणाला, "विचारून घेऊ या का, असं मी म्हणालो होतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

विद्याला, म्हणजे माझ्या बायकोला, मी आठ दिवस काही सांगितलं नाही. तिने शेवटी ताट समोर ठेवून विचारलंच. मी सगळं सांगितलं. कार्ड, शिक्का, अ, ब. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही जुळ्यांतलं एक पुसलंत."

जुळणी आणि जुळं. इतकी वर्षं तो शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारला होता आणि त्याच्या पोटात काय आहे ते कधी कानावर पडलं नव्हतं. आमच्या न्युरेम्बर्गच्या घरात पुस्तकांच्या कपाटाचा एक खण देव्हाऱ्यासाठी आहे आणि त्यात आमच्या घराण्याचे टाक आहेत, थोरल्या काकांनंतर माझ्याकडे आलेले. विद्या तिकडे बघून म्हणाली, "उद्या कुणी हे नेले आणि त्यातला सासूबाईंचा ठेवून मामंजींचा, सारखाच तर दिसतो म्हणून, देऊन टाकला कुणाला, तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, गुरुजींना सांगायची हिंमत होत नाही. ती म्हणाली, "त्यांचं विमान शनिवारी आहे ना? आज गुरुवार."

संग्रहालय धाकटं मूल परत द्यायला तयार झालं होतं. त्या घराण्याचं जे निघेल ते परत द्यावं म्हणून फ्राऊ लिंडनर चार वर्षं शहराच्या समितीशी भांडल्या होत्या. पेटी तयार होती, कागद तयार होते. शुक्रवारी सकाळी मी गाडीने म्युनिकला गेलो आणि तिथून मेट्रोने गार्चिंगला. एस्तेलच्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात गुरुजी सूट घालून बसले होते, समोर चहा. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो. एस्तेल म्हणाली, "बसा आधी, हेर केळकर," आणि मग एकेक वाक्य त्यांना सांगत गेली. मध्येच ती थांबली. मला जर्मनमध्ये म्हणाली, "हे मी त्यांना सांगू? नक्की?"

"जा," मी म्हणालो. जर्मनमध्ये जा म्हणजे हो.

गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "त्या मशीनचं नाव काय होतं?"

मला वाटलं ते तक्रार करणार. मी नाव सांगितलं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, दोन गोष्टी सारख्या निघणं, एकमेकींना लागून बसणं. आणि सांगितलं की आमच्या भाषेत जुळ्या मुलांचा शब्दही याच शब्दातून येतो. एस्तेलला ते फ्रेंचमध्ये सांगायला वेळ लागला. गुरुजींनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिल दिली. मी देवनागरीत 'जुळणी' लिहिलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, खाली स्वतःच्या भाषेत एक शब्द लिहिला आणि म्हणाले, "शाळेत ही भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात मी पाटी अडकवायचो. तीस वर्षं. फ्रेंच बोल, माणूस हो, असं सांगायचो. हा शब्द कसा लिहायचा हे मला साठीनंतर माझ्या बहिणीला विचारावं लागलं. ती शाळेत गेली नव्हती, म्हणून तिला येत होता."

मी म्हणालो की माझी मुलगी मला जर्मनमध्येच उत्तर देते. ते म्हणाले, "तिच्या गळ्यात पाटी कुणी अडकवली?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं इथे लिहितो. गावात या दोघांना परत आणण्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालली होती. पाद्री म्हणत होते, मूर्ती गावात नकोत. तरुण म्हणत होते, काचेच्या पेटीत ठेवू, पाहुणे येतील. म्हाताऱ्या बायका म्हणत होत्या, दारात बसवा, आधी बसायची तशी. विधी पूर्ण कुणालाच आठवत नव्हता. अर्धा बहिणीला आठवत होता आणि उरलेल्या अर्ध्याला पाद्र्यांची मनाई होती. "आम्ही कोण आहोत हे ठरवायला बसलो की आमच्याकडे असे तुकडे निघतात," ते म्हणाले. "पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. जुळ्यांतलं एक गेलं असेल तर त्याचं सुतक पाळायचं आणि मग दुसऱ्याला एकट्याला घरात घ्यायचं. युद्धात जळालं असं बाईंनी सांगितलं, तेव्हा मी गावी कळवलं. सुतकाची तयारी झाली आहे."

"आता तुम्ही सांगताय की ते जळालं नाही. ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसलं आहे, किंवा असल्याच एखाद्या तळघरात. म्हणजे जिवंत आहे. जिवंत असलेल्याचं सुतक आम्ही कसं पाळणार? आणि भाऊ परगावी असताना दुसऱ्याला एकटं घरात घेऊन दार कसं लावणार?" त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "मी गणित शिकवायचो. रविवारी चर्चमध्ये बायबल वाचायचो. हे सगळं मी मानतो की नाही, मला माहीत नाही. पण माझी बहीण दारात उभी असेल. तिला मी काय सांगू?"

त्यांनी पेटी नेली नाही.

शनिवारी सकाळी फ्राऊ लिंडनर यांचा फोन आला. त्यांच्या आवाजात रागही उरला नव्हता. "चार वर्षं, हेर केळकर. आता समिती म्हणेल, बघा, त्यांना नकोच होतं. पुन्हा कधी देणार नाहीत. तुम्ही विमान गेल्यावर, सोमवारी बोलला असता तर चाललं नसतं का?" गप्प बसलो असतो तर निदान एक मूल घरी गेलं असतं, खोट्या सुतकानंतर का होईना. खरं बोलून मी दोघांनाही परदेशात ठेवलं. विद्या म्हणते, तुम्ही योग्य केलंत. मला तिच्याइतकी खात्री कधी वाटली नाही, आजही वाटत नाही.

गुरुजींनी जाताना दोन गोष्टी मागितल्या. पहिली, पेटीत धाकट्याच्या शेजारी जागा रिकामी ठेवा. कोठारातल्या माणसाने फोममध्ये दोन खळगे कापले, एकात मूल बसवलं, दुसरा तसाच. दुसरी गोष्ट माझ्याकडे मागितली. ब ची नोंद परत करा. फोटो नाही, माप नाही, कुठे आहे माहीत नाही, तरी नोंद करा.

हे सांगायला सोपं होतं. सिस्टिम रिकामी नोंद घेत नाही. मी दोन दिवस तिच्याशी झटलो आणि ती नोंद बसवली. नंबराच्या शेवटी ब. वर्णन, 'थोरलं'. जागा, 'शोध चालू'. शोध चालूही होता. मी आणि एस्तेल मिळून निरनिराळ्या संग्रहालयांना पत्रं लिहीत होतो, पुढेही लिहीत राहिलो. सौजन्यपूर्ण उत्तरं येतात. नोंद बसली, पण सिस्टिमने तिला कधी आपलं मानलं नाही. देखभाल आमच्याकडेच होती, आणि दर महिन्याच्या तपासणीत सिस्टिम विचारायची, अ आणि ब सारख्या दिसतात, एक करू का? कुणीतरी 'नाही' दाबायला लागायचं. निवृत्त होईपर्यंत ते मी दाबलं. निवृत्तीच्या दिवशी आपल्या जागी येणाऱ्या मुलीला मी बाकी कशापेक्षा हे जास्त वेळ समजावलं. तिने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलं.

गुरुजी वर्षातून एकदा एस्तेलकडून तिघांचा एकत्र फोन लावून घेतात. तब्येतीची चौकशी होते, आमच्या मुलीने अजून पाटी काढली की नाही हे विचारून होतं, आणि शेवटी एकच प्रश्न असतो, "दोघं आहेत ना?" नोंदी आता इंटरनेटवर सगळ्यांना दिसतात. मी फोन कानाला लावूनच त्या उघडतो आणि सांगतो, आहेत, दोघं आहेत. मग तिकडे ते बहिणीला काहीतरी मोठ्याने सांगतात.

यंदाचा फोन गणपतीच्या आधी आला. फ्राऊ लिंडनर निवृत्त झाल्या आहेत, मी ज्या मुलीला समजावलं ती दुसरीकडे गेली आहे, आणि मधल्या काळात संग्रहालयाने सगळा डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवला, हे मला ठाऊक नव्हतं. मी नेहमीप्रमाणे पान उघडलं. पान सुंदर होतं, मोठे फोटो, नवी अक्षरं. नंबर टाकला. एक नोंद आली. धाकटं मूल, हात गुडघ्यांवर. ब टाकून पाहिलं. तेच पान पुन्हा उघडलं.

"हेर केळकर?" एस्तेल म्हणाली. "काका विचारतायत, दोघं आहेत ना?"

मागच्या वेळी मी अकरा दिवस गप्प बसलो होतो. या वेळी लगेच सांगितलं. एकच आहे. नव्या सिस्टिमने एक केलंय. माझ्याकडे ब च्या नोंदीची सगळी कागदपत्रं आहेत, उद्याच जातो, पुन्हा बसवून घेतो. एस्तेलने ते सगळं सांगितलं असावं. मग गुरुजी काहीतरी थोडकं बोलले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते विचारतायत, या वेळच्या मशीनचं नाव काय होतं."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.